गळ खरंच किती लांब जातो? बास मासेमारीचे आकडे आणि आपल्या पाण्यावरचा हिशेब

पंचगंगेच्या काठावर काठी घेऊन उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, "भावा, किती लांब जातंय?" साठ मीटरच्या खाली उत्तर येत नाही. गडी रंगात आला की शंभर. आता त्याच्याच रिळावरचा छापील आकडा वाचा. साध्या स्पिनिंग रिळावर दोरा मावतो शंभर ते दीडशे मीटर. शंभर मीटरची फेक खरी असती, तर दर फेकीला रिळाचा तळ दिसायला लागला असता. तो कधी दिसत नाही.

यात खोटेपणा कमी आणि पाण्याची फसवणूक जास्त. पाण्यावर मोजायला झाड नाही की खांब नाही, त्यामुळे अंतर नेहमी मोठं वाटतं. त्यात व्हिडिओंमधले परदेशी गडी यार्डात बोलतात आणि आपण ते मीटर समजून ऐकतो. शंभर यार्ड म्हणजे 91 मीटर. रिळाचा दोराही कुठे यार्डात, कुठे मीटरमध्ये लिहिलेला असतो.

बासवाले किती लांब टाकतात

लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. ल्युअर (नकली आमिष) फेकून मासे धरण्याचं जे तंत्र आज आपण मोबाईलवर बघतो, त्यातलं बरंचसं याच माशामागे लागून तयार झालंय. तिकडे 1960च्या दशकाच्या शेवटापासून बासच्या मोठ्या स्पर्धा चालतात, त्यामुळे कुठली फेक कशासाठी याचा विचार बारकाईने झालेला आहे.

सात फुटी काठी आणि 10 ते 14 ग्रॅमचा ल्युअर धरला, तर बासवाल्याची रोजची फेक साधारण 20 ते 30 मीटरची असते. खोल जाणारा क्रँकबेट (ओढला की पाण्यात बुडणारा, माशाच्या आकाराचा ल्युअर) किंवा जड चमचा (स्पून) मोकळ्या पाण्यात टाकायचा असेल तर 35 ते 45 मीटर. त्याच्या पुढचं अंतर गाठता येतं, पण त्यासाठी लांब काठी, बारीक दोरा, जड ल्युअर आणि पाठीवर वारा हे सगळं एकत्र जुळावं लागतं. उलट झुडपात, लव्हाळ्यात, लाकडाच्या ओंडक्यापाशी ल्युअर सोडायचा असेल तर फेक 5 ते 10 मीटरचीच. कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी 1970च्या दशकात 'फ्लिपिंग' नावाची पद्धत रूढ केली. तिच्यात रीळ जवळपास वापरतच नाहीत. हातात थोडा दोरा धरून ल्युअर झोक्यासारखा पुढे सोडायचा. एवढ्याशा अंतरावरून लोकांनी स्पर्धा जिंकल्या.

बास दबा धरून बसणारा मासा आहे. तो आडोशाला असतो, आणि आडोसा बहुतेक वेळा काठालगत असतो. म्हणून फेकीची लांबी हा तिकडेही दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न जागेचा.

आपल्याकडे बास नाही, आणि नसलेलाच बरा. जपानमध्ये 1925 साली आशी सरोवरात तो मुद्दाम आणून सोडला. पुढे तो इतका पसरला की 2005 मध्ये परक्या उपद्रवी प्रजातींच्या कायद्याखाली त्याच्यावर बंधनं घालावी लागली. आपल्याकडे चिलापी आणि थाई मांगूर आधीच पुरेसा त्रास देतायत. शौकापायी कुणी कुठला मासा आणून तळ्यात सोडू नये.

पण बासचे आकडे आपल्या कामाचे आहेत, कारण आपला मरळ त्याच स्वभावाचा. तोही आडोशाला, तोही शिकारी, तोही बेडकावर तुटून पडणारा. कोल्हापुरात ल्युअर टाकणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात मरळच असतो, म्हणून पुढचा सगळा हिशेब त्याला धरून आहे.

आधी मोजा

कोल्हापूरकराला टेपची गरज नाही, फुटबॉलचं मैदान पुरे. गोललाइनपासून पेनल्टीचा ठिपका 11 मीटर, मोठ्या डीची पुढची रेघ 16.5 मीटर. त्याच डीची रुंदी 40.3 मीटर. क्रिकेटची खेळपट्टी स्टंप ते स्टंप 20.1 मीटर. हे चार आकडे लक्षात ठेवले की कुठल्याही मैदानावर अंतर डोळ्यांनी मोजता येतं. सकाळी लवकर, खेळणारी पोरं यायच्या आत जा.

ल्युअरचे गळ काढून टाका. किंवा ल्युअर वापरूच नका, उद्यमनगरातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी नट आणा, त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. वजन तुमच्या नेहमीच्या ल्युअरइतकं हवं. दहा-बारा ग्रॅम घरच्या काट्यावर नीट दाखवत नसेल तर गुजरीत ओळखीचा सराफ असेल त्याच्याकडे जा, तो हसेल पण वजन करून देईल. मात्र नट छोटा आणि जड असल्यामुळे हवेत कमी अडतो. बेडकाचा किंवा माशाच्या आकाराचा ल्युअर त्याच वजनाचा असला तरी मागे राहतो. म्हणून नटावर हात बसला की खरा ल्युअर, गळ काढून, त्याच मैदानावर फेकून पाहा.

डीच्या एका बाजूच्या रेघेवर उभे राहा आणि दुसऱ्या बाजूच्या रेघेकडे, म्हणजे गोललाइनला समांतर, फेका. पलीकडची रेघ ओलांडली तर 40 मीटर झाले. दहा फेका टाका. सगळ्यात लांब पडलेली मोजायचा मोह होतो, ती सोडून द्या. दहा अंतरं चढत्या क्रमाने लावून मधलं घ्या, ती तुमची खरी फेक. सात फुटी मध्यम काठी, 0.30 मिमीचा तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) आणि 12 ग्रॅम वजन असेल तर बहुतेकांची फेक 30 ते 40 मीटरमध्ये बसते. पहिल्यांदा मोजणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. तिथूनच शिकायला सुरुवात करायची.

पाण्यावर मोजायचं असेल तर रिळाच्या मुठीचे फेरे मोजा. रिळाच्या खोक्यावर एका फेऱ्यात किती सेंटिमीटर दोरा येतो ते लिहिलेलं असतं. 2500 किंवा 3000 नंबरच्या रिळाला ते साधारण 70 ते 75 असतं. पण तो आकडा रीळ काठोकाठ भरलेलं धरून काढलेला असतो. दोरा बाहेर गेला की गुंडाळीचा घेर कमी होतो आणि दर फेऱ्याला दोरा कमी येतो. म्हणून घरासमोर 30 मीटर दोरा सोडा, दहा फेरे मारा, किती दोरा आला ते पट्टीने मोजा आणि दहाने भागा. समजा 68 सेंटिमीटर आले. नदीवर ल्युअर पडल्यावर आधी ढिला दोरा ताणून घ्या, मग फेरे मोजा. 40 फेरे लागले तर 40 गुणिले 68, म्हणजे सव्वासत्तावीस मीटर. ढिलाई न काढता मोजलं तर वाऱ्याने पोट धरलेला दोराही हिशेबात येतो आणि फेक फुकट चार-पाच मीटरने वाढते. बढाईला तेवढंच पुरतं.

मैदानावर 38, नदीवर 25: असं का

मैदानावर पाठीमागे मोकळी जागा असते. नदीवर पाठीमागे ऊस असतो. काठी मागे नेली की पात्याला अडकते, त्यामुळे हात अर्ध्यावरच थांबतो. पाय घसरड्या गाळात, काठ उतरता, शेजारी दुसरा गळवाला. डोक्यावरून पूर्ण ताकदीची फेक पंचगंगेच्या काठावर फार कमी जागी जमते. मैदानावरच्या फेकीचा दोन तृतीयांश हा नदीवरचा धंद्याचा आकडा धरा. कुठे उभं राहायचं ते त्यावरून ठरवा, हौसेवरून नको.

फेक वाढवायची कशी

इथे लोक पहिल्यांदा काठी बदलतात. काठीचा नंबर शेवटून धरा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक दोऱ्यात आहे.

दोरा जाड असेल तर तो रिळाच्या काठावर घासतो, काठीच्या कड्यांतून जाताना अडतो आणि हवेतही ओढला जातो. 0.35 मिमीच्या तंगुसावरून 0.28 वर आलात तरी फेक जाणवण्याइतकी वाढते. ब्रेडेड दोरा (बारीक धागे विणून केलेला) आणखी बारीक पडतो. त्याची जाडी पीई नंबरात सांगतात: पीई 1 म्हणजे 0.165 मिमी, पीई 2 म्हणजे सुमारे 0.235 मिमी, आणि ताकद त्या जाडीच्या तंगुसाच्या कितीतरी पट. मोकळ्या पाण्यात पीई 1 ते 1.5 चालतं. जलपर्णीतून मरळ ओढून काढायचा असेल तर मात्र एवढं बारीक नेऊ नका. तिथे पीई 3 ते 4 लागतं आणि तिथे लांब फेकायचंही नसतं. एकाच रिळावर दोन्ही कामं करायला जाऊ नका. दुसरा स्पूल (रिळाचा दोरा गुंडाळायचा भाग) ठेवा, तो नव्या काठीपेक्षा स्वस्त पडतो.

मग रीळ किती भरलंय ते बघा. स्पिनिंग रिळाच्या काठापासून दीड ते दोन मिलिमीटर खाली दोरा हवा. अर्धं रिकामं रीळ म्हणजे दर वळशाला दोरा काठावर घासत बाहेर पडणार. तुटलेला दोरा महिनोन्महिने तसाच वापरत राहणारे या एका कारणाने पाच-सहा मीटर घालवतात आणि दोष मनगटाला देतात. फार भरलं तर उलटं, वळसे एकदम सुटून गुंता होतो. ब्रेडेड दोरा गुळगुळीत असल्यामुळे नुसता बांधला तर स्पूलवर गरगर फिरतो. खाली आधी थोडा तंगूस गुंडाळून घ्या.

ब्रेडेड दोऱ्याला पुढे लीडर (ल्युअरकडचा तंगुसाचा तुकडा) जोडता, ती गाठ फेकताना कड्यांतून जाते का, की टक्टक् वाजते? वाजत असेल तर गाठ जाड आहे. एफजी गाठ बारीक बसते, शिकायला एक संध्याकाळ जाते. ती जमेपर्यंत लीडर आखूड ठेवा, म्हणजे गाठ काठीच्या टोकाच्या बाहेरच राहील.

काठीवर ल्युअरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते, बऱ्याचदा औंसात. 1 औंस म्हणजे 28.35 ग्रॅम, म्हणजे 3/8 औंस साडेदहा ग्रॅम आणि 1/2 औंस 14 ग्रॅम. मर्यादेच्या मधल्या ते वरच्या भागातलं वजन लावा. हलका ल्युअर लावला तर काठी वाकतच नाही, आणि न वाकलेली काठी फेकत नाही, नुसता हात फेकतो.

आता हाताचं काम. काठीच्या टोकापासून ल्युअर 30 ते 50 सेंटिमीटर खाली लोंबू द्या; टोकाला चिकटवलेला ल्युअर जोर घेत नाही. मागे नेताना घाई नको. ल्युअरच्या वजनाने काठी मागे वाकली असं हाताला जाणवलं की त्याच क्षणी पुढे आणा, मध्ये थांबलात तर वाक सुटून जातो. वरचा हात पुढे ढकलतो, मुठीच्या शेवटाला धरलेला खालचा हात पोटाकडे ओढतो. नवखे सगळा जोर वरच्या हाताने लावतात, म्हणून दुपारपर्यंत खांदा भरतो. बोट दोऱ्यावरून कधी सोडायचं ते ल्युअर कुठे जातो त्यावरून कळतं: आकाशात उंच गेला तर बोट लवकर सुटलं, समोरच पाण्यात आपटला तर उशिरा. लांब फेकीसाठी ल्युअर साधारण चाळिसेक अंशांत वर निघावा. वारा समोरून असेल तर हा कोन खाली आणा, सपाट फेका. ल्युअर पाण्याला टेकायच्या आधी स्पूलच्या काठाला बोट लावून दोरा आवरा. ल्युअर सरळ पडतो, धप्पकन आवाज होत नाही आणि ढिलाईही राहत नाही.

बेटकास्टर रिळाबद्दल (ज्याचा स्पूल फेकताना स्वतः फिरतो) एवढंच: अचूकतेला आणि जाड दोऱ्याला ते चांगलं, पण हलक्या ल्युअरला त्रास देतं आणि शिकताना पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता करतं. स्पिनिंगवर हात बसेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आखूड फेक हीच खरी कमाई

मरळ हवेतून श्वास घेणारा मासा. तो मधूनमधून वर येऊन हवा घेतो, आणि ते ठिकाण काठावरून दिसतं. जलपर्णीच्या कडेला, कमळाच्या पानांत, काठाच्या झुकलेल्या गवताखाली. ही सगळी ठिकाणं काठापासून 5 ते 20 मीटरच्या आत असतात. अशा ठिकाणी 40 मीटर फेकून ल्युअर ओढत आणायचा म्हणजे सुरुवातीचे 25 मीटर रिकाम्या पाण्याला खेळवणं. सेकंदाला 70 सेंटिमीटर या वेगाने 40 मीटर गुंडाळायला जवळपास मिनिट जातं. तेवढ्या वेळात नेमक्या जागी दोन-तीन आखूड फेकी होतात.

म्हणून सरावाचा मोठा भाग अचूकतेला द्या. मैदानावर 10, 15 आणि 20 मीटरवर सायकलचं जुनं टायर टाका. 10 मीटरवर दहातल्या सात फेकी टायरात पडेपर्यंत 15 वर जायचं नाही. आडवी फेकही याच टायरांवर शिकून घ्या: काठी कमरेच्या उंचीवर, मनगटाचा झटका, ल्युअर पाण्यापासून हातभर उंचीवरून सपाट जाणारा. पाठीमागे ऊस आणि डोक्यावर करंज असेल तिथे हीच कामी येते. तिसरी फेक पिचिंगची. ल्युअर डाव्या हातात, दोरा काठीच्या लांबीएवढा सोडलेला, काठीचं टोक खालून वर उचलत ल्युअर सोडून द्यायचा. 6 ते 10 मीटरवर तो आवाज न करता उतरतो.

मासा वर आलेला दिसला की त्याच्या डोक्यावर टाकू नका. दीड-दोन मीटर पुढे आणि थोडं पलीकडे टाका, ल्युअर त्याच्या वाटेवर आणा. जलपर्णीवर पोकळ रबरी बेडूक टाकता येतो. पानांवर पडू द्या, वलयं विरेपर्यंत थांबा, मग उड्या मारत मोकळ्या फटीपर्यंत न्या. फट आली की पुन्हा थांबा. मरळाने बेडूक घेतला की लगेच झटका मारायचा मोह आवरा. काठी खाली, दोरा ताणलेला, वजन हाताला जाणवलं की मग.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर त्याच्या खाली पालक मरळ राखण करत असतो. तो बेडकावर हमखास धावून येतो, आणि तो काढला की पिल्लं इतर मासे फस्त करतात. तिथे काठी खाली ठेवा.

लांब फेक कधी लागते

दिवाळीनंतर बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी अडतं, गाळ बसतो आणि जानेवारीपर्यंत पाणी निवळतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागचं हे संथ, स्वच्छ पाणी म्हणजे माशाला काठावरचा माणूस आधी दिसण्याची जागा. तिथे 25 ते 35 मीटरची फेक उपयोगाची. तरी पहिली फेक काठालगतच टाका, कारण लांब टाकून गुंडाळत आणलेला ल्युअर जवळच्या माशाला सावध करतो. काठावर उभं राहण्यापेक्षा बसलात किंवा झुडपाच्या आडोशाला राहिलात तर पाच-सहा मीटर कमी फेकून भागतं.

धरणाच्या जलाशयात उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, काठ उथळ आणि उघडा होतो, खोली लांबवर सुरू होते. तिथे लांब फेकीला पर्याय नाही. खोल जाणारा क्रँकबेट फेकला की लगेच तळाशी जात नाही. 30 मीटरच्या फेकीत ढोबळमानाने पहिला तिसरा हिस्सा खाली उतरण्यात जातो, शेवटचा तिसरा हिस्सा वर येण्यात, आणि पूर्ण खोलीवर तो मधले दहाएक मीटरच चालतो. फेक 40 ची झाली की वाढलेले दहा मीटर जवळपास सगळे कामाच्या खोलीत मिळतात. लांब फेकीचा हा सगळ्यात प्रामाणिक फायदा.

पण लांबवरच्या माशाला गळ रुतवणं वेगळं काम आहे. तंगूस ताणतो. 35 मीटरवर तुम्ही काठी उचलली की निम्मा जोर दोरा ताणण्यातच संपतो, आणि दोऱ्याला वाऱ्याने पोट आलं असेल तर आणखी कमी पोचतो. आधी पटकन दोन फेरे गुंडाळा, ताण येऊ द्या, मग काठी आडवी ओढा आणि गळ धारदार ठेवा. गळाचं टोक नखावर टेकवून हलकेच ओढा. घसरला तर कानस फिरवा किंवा गळ बदला. जाड तोंडाच्या मरळाला 30 मीटरच्या पुढून तंगुसावर गळ लावणं म्हणजे नशिबाचा भाग. तिथे ब्रेडेड दोराच हवा.

फेकण्याआधी वर बघा, मागे बघा

आजच्या बहुतेक काठ्या कार्बनच्या, आणि कार्बनमधून वीज जाते. पंचगंगा, भोगावती, वारणा, कुठल्याही काठाला जा, शेतीपंपांच्या विजेच्या तारा डोक्यावर असतात, काही ठिकाणी बऱ्याच खाली आलेल्या. डोक्यावरून फेकताना काठीचं टोक दोन पुरुष उंच जातं. तारांखाली फेकायचं नाही, तारांखालून काठी उभी धरून चालायचंही नाही. एप्रिल-मे महिन्यात वळवाचा गडगडाट ऐकू आला की काठी मिटवा आणि काठ सोडा, मासा खात असला तरी.

रंकाळ्यासारख्या ठिकाणी पाठीमागून फिरायला आलेली माणसं आणि लहान मुलं जात असतात; तीन काटी गळ लावलेला ल्युअर मागे नेताना एकदा वळून बघणं एवढी अक्कल पुरते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फूट झाली की इशारा आणि 43 फुटांना धोका. पण गळवाल्याने त्याच्या कितीतरी आधीच नदी सोडलेली बरी, कारण गढूळ वाहत्या पाण्यात ल्युअरला कुणी विचारत नाही. बंधाऱ्याच्या खांबांवर उभं राहून फेकणं तर पाणी थोडं असलं तरी नको.

तलाव आणि जलाशयांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थांकडे असतो. आधी चौकशी करा, परवानगी किंवा पावती घ्या. त्यांचं पोट त्यावर आहे. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचाच नाही. कुठे जाळी लावलेली आहेत हेही संस्थेच्या माणसांना विचारून घ्या. लांब फेकलेला ल्युअर जाळ्यात गुंतला तर ल्युअर तुमचा जातो आणि जाळं त्यांचं फाटतं. गुंतलाच, तर ओढाताण न करता दोरा कापून त्यांना सांगा.